सात घरं आणि पंधरा आकडे

आमच्या लहानपणी मांजराला नाव नसायचं, पद असायचं. त्या पदाचं नाव मनी. एक मनी गेली की तिच्या जागी जी येईल ती मनी. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात मी दहावी होईपर्यंत सहा जणींनी हे पद भूषवलं. त्यातली एक बोका होती हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मनीला कोणी आणायला जात नसे, ती आपली आपण यायची. पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी पडवीत भिजून बसलेली दिसायची, आजी म्हणायची, "बसू दे गो तिला," आणि झाली नेमणूक.

शारजातल्या आमच्या घरात आली ती मात्र ठमी. तिला नाव होतं आणि नावापुढे आमचं आडनावही होतं, कारण क्लिनिकच्या कॉम्प्युटरला आडनावाशिवाय मांजर चालत नव्हतं. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आणि त्या चिपचा १५ आकडी नंबर. एकदा डॉक्टरकडे आमचा नंबर लागायची वाट बघताना मी पाकिटातून माझं एमिरेट्स आयडी काढलं आणि आकडे मोजले. ७८४ पासून सुरू होणारे, तेही १५ च. माझा व्हिसा दोन-तीन वर्षांनी नवा करायचा, तिची रेबीजची लस दरवर्षी. त्या दिवसापासून आमच्या नात्यात जरा बरोबरी आली.

आम्ही म्हणजे १९९० च्या आसपास आखातात आलेली मराठी माणसं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं गावी म्हणायचे. आमची सात घरं इथे झाली. शारजात रोलाजवळची बेडस्पेस, मग दुबईत करामा, सतवा, घुसैस, पुन्हा शारजा. भाडं वाढलं की बिऱ्हाड तोंडात धरायचं आणि पुढची इमारत गाठायची. इमारत कुठलीही असो, खाली मांजरं असायचीच. लांब पाय, मोठे कान, अंगावर बेताचे केस. उन्हाळ्यात खिडकीतल्या एसीचं पाणी जिथे ठिबकायचं तिथे ती एकामागे एक बसायची, गावी नळावर कळश्यांची रांग लागावी तशी. आम्ही त्यांना भटकी म्हणायचो.

पुढे कळलं की ही 'अरेबियन माउ', या वाळवंटातच घडलेली जात. २००८ साली वर्ल्ड कॅट फेडरेशनने तिला रीतसर मान्यताही दिली. म्हणजे खाली कचऱ्याच्या डब्यावर बसलेली ती खानदानी निघाली आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे भटके ते आम्ही.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची. सकाळी उठून अब्रा म्हणजे होडी धरायची, दुबईची खाडी ओलांडून देराच्या जुन्या मासळीबाजारात जायचं. सुरमई, शेरी, कधी स्वस्त मिळाल्या तर तारल्या. मासे कापणाऱ्यांच्या पायांशी मांजरं बसलेली असायची, नजर सुरीवर आणि चेहरा असा की आपण सहज इकडून चाललो होतो. दुपारी अख्ख्या मजल्यावर तळणाचा वास. जेवणं झाली की डोकी आणि काटे वर्तमानपत्रात बांधून खाली न्यायचे, त्याची आम्ही पाळी लावली होती. जिन्यावर चपला वाजल्या की गाड्यांखालून दहा-बारा डोकी बाहेर यायची. खोलीत एक लालबागचा गडी होता, तो पुडी सोडताना म्हणायचा, "या बायांनो, पंगत बसली." घर सोडून आलेल्या चार माणसांची या देशात आठवड्यातून एकदा कोणीतरी वाट बघत होतं. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण पाळी चुकवून कोणी झोपलाय असंही कधी झालं नाही.

आता तो बाजार राहिला नाही. २०१७ साली तो वॉटरफ्रंट मार्केटमध्ये गेला. आत एसी, मासळी बर्फावर ओळीने मांडलेली, पायाखाली चिखल नाही, आणि मांजरांना मज्जाव. खरं सांगायचं तर जुन्या बाजारात ऑगस्ट महिन्यात नाकाला रुमाल लावूनच फिरावं लागायचं. आज तिथली आठवण काढून उसासे टाकणारे आम्ही तेव्हा पंधरा मिनिटांत बाहेर पळायचो. १ जानेवारी २०२२ पासून दुबईत सुट्टीही शनिवार-रविवारवर गेली. मांजरांना बहुधा परिपत्रक मिळालं नसावं. पुढे कितीतरी शुक्रवारी आमच्या इमारतीखालची दोन म्हातारी मांजरं दुपारी जिन्याच्या दाराशी बसलेली मी पाहिली. पण पुडी कुठून आणणार? दुबईत रस्त्यावरच्या मांजरांना खायला घालायला मनाई आहे. त्यांना पकडून, नसबंदी करून, परत सोडायची पद्धत आली आहे. शिवाय शिजलेला काटा मांजराच्या घशात अडकू शकतो, हेही आता आम्हाला ठाऊक आहे. सगळं पटतं. काटे पिशवीत बांधून कचऱ्यात टाकताना उगाच हात रेंगाळतो, एवढंच.

मनीची खबर तेव्हा पत्रातून यायची. फोनचं मिनिट इतकं महाग की आई, बाबा, पगार, पाऊस एवढ्यातच मिनिटं संपायची. मांजरावर खर्चायला कोणाकडे दिरहम होते? कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये आईचं पत्र यायचं. आधी सगळ्यांची दुखणी, मग लग्नं, मग आंबा, आणि अगदी शेवटी, कागद संपत आला म्हणून आडव्या समासात बारीक अक्षरात: "मनी चार दिवस दिसली नाही." पत्र माझ्या हातात पडेपर्यंत त्या चार दिवसांचे पंचवीस झालेले असायचे. मी उलट टपाली विचारायचो, मनी आली का. त्याचं उत्तर दीड महिन्याने: "मनीला तीन पिल्लं झाली." ही तीच की नवी, याचा खुलासा आईने कधी केला नाही. आज वाटतं, मुद्दामच केला नसावा.

आता आमची लेक टोरांटोहून रोज व्हिडिओ कॉल करते. ठमी होती तोवर मी दिसलो की म्हणायची, "बाबा, जरा बाजूला व्हा, ठमी दिसत नाहीये." आईच्या पत्रात मांजर शेवटच्या ओळीत होतं, लेकीच्या फोनमध्ये पहिल्या ओळीत असायचं. प्रगती म्हणतात ती हीच असावी. ठमीने काय खाल्लं, किती ग्रॅम खाल्लं, वजन किती भरलं, सगळं तिला तिथे बसून कळायचं. मुलीला अंधारात ठेवायची सोय उरली नाही, आणि स्वतःलाही.

जुन्या दिवसांचं इतकं गोड बोलताना जीभ अडखळायला हवी. म्हणून हेही सांगतो. मी दहा वर्षांचा असताना मनीची चार पिल्लं पोत्यात घालून, सायकलच्या कॅरिअरला बांधून बंदरावर सोडून आलो होतो. घरात सांगितलेलं कामच होतं ते, दळण आणण्यासारखं. "तिथे मासळी आहे, जगतील." सायकल चालू असली की पोतं गप्प असायचं, थांबली की आतून आवाज यायचा. म्हणून मी वाटेत कुठे थांबलोच नाही. मनी तीन रात्री माळ्यावर, पलंगाखाली, लाकडांच्या खोपीत हाका मारत फिरली. चौथ्या दिवशी आईच्या गुडघ्याला अंग घासत विळीजवळ येऊन बसली, आणि आम्ही म्हटलं, विसरली. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं असं आजी सांगायची. सोडून आल्यास काय द्यावं लागतं, याची तिच्या शास्त्रात सोय नव्हती. लस नव्हती, नसबंदी नव्हती, मांजर ओरबाडून गेलं तर जखमेत हळद भरायची. ते दिवस मांजरांसाठी चांगले होते असं म्हणायला निदान मी तरी लायक नाही.

आणि आता? ऑगस्ट २०२१ मध्ये देरातल्या फ्रीज मुरार भागात एक गाभण मांजर दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत लटकली होती. खालून जाणाऱ्या माणसांनी चादर ताणून धरली आणि तिला अलगद झेललं. दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन राशिद यांनी तो व्हिडिओ स्वतः सगळ्यांना दाखवला, आणि मदत करणाऱ्या चौघांना प्रत्येकी ५० हजार दिरहम मिळाले. दोन केरळचे, एक पाकिस्तानी, एक मोरोक्कन. त्या गल्लीचं हजेरीपुस्तकच म्हणा. तो व्हिडिओ आम्ही नातेवाइकांना पाठवून पाठवून थकलो. आणि याच देशात २०२३ साली अबुधाबीच्या अल फलाहजवळ वाळवंटात शंभराहून जास्त मांजरं टाकून दिलेली सापडली. ती बातमी मी कोणालाच पाठवली नाही. मला कॅरिअरवरचं पोतं आठवलं. चादर नवी आली म्हणून पोतं गेलं असं होत नाही.

पूर्वी व्हिसा कॅन्सल झाला की माणूस कुकर नातूरला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, देऊन जायचा, गादी मित्राला, आणि मांजर पार्किंगला. आता मांजर सोबत नेता येतं. भारतात कायमचं परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी नेता येतात. चिप, लस, आरोग्य दाखला, ना हरकत पत्र, सगळ्यांच्या तारखा एकमेकींशी जुळायला हव्यात. या देशात ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट असतो आणि काही विमानांत तो मालकाशेजारी बसून जातो. मांजराच्या वाट्याला बहुतेक वेळा कार्गो. तरी आम्ही ठमीची फाइल केली होती. दोघं निवृत्त होऊन गावी जायचं ठरलं की तिलाही पडवी दाखवायची होती.

गावची मनी कधी मेली नाही, ती दिसेनाशी झाली. मांजर घरात मरत नाही असं म्हणायचे. जायची वेळ आली की ती आपली निघून जाते. मग आई तीन रात्री मागच्या पायरीवर दूधभाताची वाटी ठेवायची. सकाळी वाटी रिकामी असायची. कोणी खाल्ला, कावळ्याने की शेजारच्या बोक्याने, याची चौकशी करायची नाही हा घरातला अलिखित नियम. "येईल," आई म्हणायची. त्या एका शब्दावर आमची सगळी मांजरं अजून वाटेत आहेत.

ठमी चौदा वर्षांची होऊन गेली. थंडीतल्या एका सकाळी नातूरने माझ्या गाडीचं बॉनेट थोपटलं होतं, इंजिनाच्या उबेला बसलेलं पिल्लू घाबरून माझ्या पायावर पडलं होतं, ती ही. मूत्रपिंडं थकली. शेवटचे पाच महिने बायको तिला एक दिवसाआड मानेच्या सैल कातडीखाली सलाइन द्यायची, मी बाटली उंच धरून उभा राहायचो. मनीसाठी आम्ही यातलं काहीच केलं नसतं, आणि ठमीला आम्ही निघूनही जाऊ दिलं नाही. अठराव्या मजल्यावरून ती जाणार कुठे? शेवटच्या आठवड्यात ती दाराशी जाऊन बसायची. आम्ही तिला उचलून गादीवर आणायचो.

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, एका कागदावर माझी सही घेऊन, डॉक्टरांनी तिला झोपवलं. बायकोचा हात तिच्या कपाळावर होता. तिला दुखलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. सहा मन्यांपैकी एकीबद्दलही असं सांगता येणार नाही. मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "पुढचं आम्ही बघू की तुम्ही नेणार?" गावी प्राजक्ताखाली जागा होती. इथे तीस वर्षांत आम्ही मालकीचा फ्लॅटसुद्धा घेतला, पण त्यासोबत वीतभर माती मिळत नाही. नर्सरीतून आणलेली कढीपत्त्याची कुंडी होती, तिच्यात मांजर मावत नाही. "तुम्हीच बघा," मी म्हटलं.

रात्री बायकोने गॅलरीत वाटीभर दूधभात ठेवला. मी काही बोललो नाही. सकाळी वाटी जशीच्या तशी होती, भातावर साय आलेली. अठराव्या मजल्यावर कावळाही येत नाही.

या गोष्टीला सात महिने झाले. परवा ऑफिसात फोन वाजला. क्लिनिकचा आपोआप येणारा मेसेज, नावापुढे आमचं आडनाव: ठमीच्या रेबीजच्या लसीची तारीख जवळ आली आहे, कृपया तिला घेऊन यावं. आधी चिडलो. एवढे १५ आकडे सांभाळता, आणि ती गेली हे टिपून ठेवता येत नाही? कळवायला म्हणून नंबर लावला, पलीकडे घंटा वाजायला लागली, आणि मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी बायकोला मेसेज दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पण येईल."