वारीची बॅग: एका दिवसाची आणि आठ दिवसांची

ज्येष्ठ महिना सरत आला की आमच्या भवानीनगरच्या दवाखान्यातली गर्दी जरा बदलते. ताप-खोकल्याचे पेशंट असतातच, पण त्यांच्या जोडीला "डॉक्टर, यंदा वारीला जायचंय, एकदा तपासून द्या" म्हणणारेही वाढतात. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मग आमच्या गावावरून जाऊन ती सणसरला मुक्कामाला थांबते. देहूपासून चालणारे तर असतातच, पण आमच्या भागातले पुष्कळजण इथूनच सामील होतात. कुणी एक दिवस बेलवाडीच्या रिंगणापर्यंत, कुणी थेट पंढरपूरपर्यंत.

गेल्या आठवड्यात असाच एक तरुण वडिलांना घेऊन आला. वडील साठीच्या आतबाहेर, बारा वर्षांपासूनचा मधुमेह, पहिलीच पायी वारी. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या. निघता निघता मुलाने मोबाईल पुढे केला.

"काका, ही बॅग बघा ना. दोघांचं सामान हिच्यात बसवतो आणि मीच पाठीवर घेतो. लई भारी आहे, रिव्ह्यू पण चांगले आहेत."

बघितलं तर हिरव्या-तपकिरी पानांच्या छपाईची दणकट सॅक. नाव 'हंटिंग बॅकपॅक'. म्हणजे शिकाऱ्यांची! बाजूला बंदूक अडकवायची सोयसुद्धा होती. मला हसू आलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि आमच्या इंदापूर तालुक्यात तर लोक कडबनवाडीच्या माळावर चिंकारा नुसते बघायला जातात. पण हसून झाल्यावर मी त्याला म्हणालो, "बैस पाच मिनिटं. बॅग वाईट नाही. पण बॅग कशी निवडायची हे मी माझा हात गमवायची वेळ आली तेव्हा शिकलोय."

त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

माझी वारी, माझी चूक

काही वर्षांपूर्वी मी सणसरहून पंढरपूरपर्यंत चालायचं ठरवलं. दिंडीसोबत ट्रक असतो, सामान त्यात टाकता येतं, हे माहीत होतं. पण मनात एक हट्ट होता की आपलं ओझं आपणच वाहायचं. घरात भाच्याची कॉलेजची जुनी बॅग होती. पट्टे बारीक, आतला फोम केव्हाच बसलेला, कमरेचा पट्टा नाहीच. त्यात कपडे, पांघरूण, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि डॉक्टर म्हणून वाटेत लागतील त्या औषधांच्या बाटल्या, बँडेज, मलमं. परत आल्यावर वजन केलं तर अकरा किलो भरलं. माझं स्वतःचं वजन बासष्ट किलो.

पहिल्या दिवशी खांदे दुखले. दुसऱ्या दिवशी निमगाव केतकी सोडल्यावर डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी हात झटकत चालत राहिलो. हीच तक्रार घेऊन पेशंट आला असता तर मी त्याला तिथल्या तिथे ओझं उतरवायला लावलं असतं. पण स्वतःच्या बाबतीत डॉक्टर फार आळशी असतात!

सराटीला नीरा नदीवर पादुकांना स्नान घालतात. त्या दिवशी आम्हीही पाण्यात उतरलो. डोक्यावर पाणी घ्यायला मी डाव्या हाताने तांब्या उचलला, तर हात खांद्याच्या वर जाईचना. दुखत नव्हतं. नुसता जातच नव्हता. तांब्या पाण्यात पडला. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो आणि पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. जखमेला टाके घालताना डावा हात चिमटा धरतो. तो हात गेला तर दवाखान्यात मी करणार काय?

शेजारी परभणीकडचे एक म्हातारे वारकरी अंघोळ करत होते. त्यांनी माझी बॅग काठावर बघितली होती. म्हणाले, "माउली, सगळं ओझं मानंला टांगलंय व्हय? कंबर कशापायी दिलीया देवानं?" त्यांनी स्वतःचं उपरणं काढलं, बॅगेच्या खालच्या बाजूने घालून माझ्या कमरेला करकचून बांधलं. दोन पावलं टाकली आणि खांद्यावरचा दाब निम्मा झाल्यासारखा वाटला. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर पडशी होती. दोन कप्प्यांची, एक कप्पा पुढे, एक मागे. त्यामुळे वजन तोललं जातं आणि पुढे वाकावं लागत नाही.

मी शहाणपणाने बॅग ट्रकमध्ये टाकली आणि उरलेली वाट मोकळ्या पाठीने चाललो. मुंग्या चार दिवसांत गेल्या. हात पूर्ण वर जायला मात्र सात आठवडे लागले. तेवढे दिवस टाक्यांचे पेशंट मला दुसरीकडे पाठवावे लागले.

नक्की काय झालं होतं?

मानेतून निघणाऱ्या नसांचा एक जुडगा कॉलर बोनच्या खालून हाताकडे जातो. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. बारीक पट्ट्यांची जड बॅग तासन् तास खांद्यावर राहिली की पट्टा नेमका या नसांवर दाबतो आणि खांदा खाली खेचला गेल्याने त्या ताणल्याही जातात. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग हातातली ताकद कमी. कधी कधी पाठीचं खांद्याजवळचं पसरट हाड पंखासारखं बाहेर येतं. जड पाठपिशव्या घेऊन मैलोन् मैल चालणाऱ्या सैनिकांमध्ये हा आजार डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. बहुतेकांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरा होतो, पण त्यासाठी ओझं वेळेवर उतरवावं लागतं.

म्हणून मुंग्या आल्या तर "पुढच्या विसाव्याला बघू" असं करू नका.

शिकाऱ्याच्या बॅगेतून काय शिकायचं?

परदेशातल्या शिकाऱ्यांची बॅग अशी दणकट का असते, माहीत आहे? जाताना तिच्यात थोडंच सामान असतं, पण येताना मांसाचं मोठं ओझं पाठीवरून आणायचं असतं. म्हणून तिला आत मजबूत सांगाडा आणि कमरेला रुंद, जाड पट्टा देतात. आपल्याला शिकार नको, बंदुकीचा कप्पा नको, पानांची छपाई नको. पण सांगाडा आणि कमरेचा पट्टा या दोन गोष्टी जरूर घ्याव्यात. त्या म्हाताऱ्या माउलींनी उपरण्याने तेच केलं होतं. खांदा हा फार हलणारा सांधा आहे, ओझं पेलायला तो बनलेला नाही. कंबरेचं हाड आणि मांड्यांचे स्नायू मात्र त्यासाठीच आहेत.

मुक्कामाची बॅग निवडताना एवढं बघा:

१. पाठीची लांबी. बॅग माणसाच्या उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर ठरते. मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी जे हाड टचकन वर येतं तिथून, कमरेवर दोन्ही हात ठेवल्यावर हाडाच्या ज्या कडा लागतात त्यांच्या सरळ रेषेपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजून घ्या. उंच माणसाची पाठ आखूड आणि ठेंगण्याची लांब असू शकते. पाठीवरचे पट्टे वरखाली करता येणारी बॅग असेल तर उत्तम.

२. कमरेचा पट्टा. तो पोटावर नाही, कमरेच्या हाडाच्या कडेवर बसला पाहिजे. नुसती बारीक पट्टी उपयोगाची नाही.

३. खांद्याचे पट्टे. रुंद, भरीव आणि वळणदार. बायकांसाठी वेगळ्या वळणाचे पट्टे मिळतात, ते छातीला काचत नाहीत.

४. आकार. एका दिवसाला २० ते ३० लिटर, दोन-तीन मुक्कामांना ४० ते ५० लिटर पुरते. मोठी बॅग घेतली की माणूस ती भरतोच!

५. रिकामं वजन आणि शिलाई. पट्टे जिथे बॅगेला जोडलेत तिथे दुहेरी शिलाई आहे का ते ओढून बघा. चेन अडकते का बघा.

दुकानात रिकामी बॅग सगळ्यांनाच छान वाटते. घरी आणल्यावर पाच किलो पिठाची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या घालून अर्धा तास चाला. खुपली तर परत करा.

घालण्याचाही क्रम आहे. सगळे पट्टे सैल करा. आधी कमरेचा पट्टा घट्ट करा, मग खांद्याचे, शेवटी छातीवरचा. जड सामान पाठीला चिकटून, खांद्यांच्या हाडांच्या मध्ये येईल असं ठेवा. तळाला पांघरूण. आषाढातला पाऊस वरचं आवरण जुमानत नाही, म्हणून आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात कपडे ठेवा. ओली बॅग जड होते, ओल्या कपड्यांनी जांघेत आणि काखेत कातडी सोलवटते आणि गजकर्णही वाढतं.

वजन किती? रोज चालण्याची सवय नसलेल्याने शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. शाळेच्या दप्तरासाठी सरकारने २०२० मध्ये हीच मर्यादा सांगितली आहे. तरुण, धडधाकट, सराव असलेल्याने मुक्कामाच्या प्रवासाला फार तर वीस टक्के. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विसरू नका.

छोटी बॅग जीव वाचवते

आता त्या मुलाची खरी चूक. दोघांचं सामान एकाच बॅगेत, आणि ती मुलाच्या पाठीवर. वारीच्या गर्दीत बाप-लेक किती वेळ सोबत राहतात? पाणी प्यायला थांबलं तरी चुकामूक होते.

दोन वर्षांपूर्वी सणसरला तपासणीच्या मंडपात एका मावशींना धरून आणलं. अंग घामाने थबथबलेलं, बोलणं असंबद्ध. लोक म्हणत होते, उन्हाने झालं. शुगर बघितली तर ४८. सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती, खाल्लं मात्र काहीच नव्हतं, कारण शिदोरी ट्रकमध्ये आणि ट्रक पुढच्या मुक्कामाला. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग पोळी-भाजी खायला घातली. तासाभराने मावशी उठून "माझी तुळस कुठाय?" म्हणून विचारायला लागल्या. थोडा आणखी उशीर झाला असता तर त्या बेशुद्ध पडल्या असत्या, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर-पाणी काहीच घालता येत नाही. त्याला थेट दवाखान्यातच न्यावं लागतं.

म्हणून मोठी बॅग ट्रकमध्ये जाऊ द्या, त्यात कसला कमीपणा नाही. पण प्रत्येकाच्या स्वतःच्या अंगावर एक छोटी बॅग हवीच. तिच्यात: पाणी, दोन दिवसांची औषधं, साखर किंवा ग्लुकोज, गूळ-शेंगदाणे, ओआरएसची पाकिटं, रेनकोट, कोरडे मोजे, आणि एका कागदावर नाव, आजार, चालू गोळ्या आणि घरच्यांचा फोन नंबर. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते ट्रकमध्ये कधीच ठेवू नये. तापलेल्या पत्र्याखाली ते खराब होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून, सावलीत, छोट्या बॅगेत ठेवा. आणि एकाच खांद्यावर लटकणाऱ्या झोळीपेक्षा दोन पट्ट्यांची बॅग किंवा जुनी पडशी बरी.

पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, हाडं ठिसूळ झालेली, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, किंवा गरोदर असलेल्या बाईने कितीही चांगली बॅग असली तरी ओझं घेऊ नये. कंबरेतून पायात कळ जात असेल तर थांबा. पाय लुळा पडतोय किंवा लघवीवर ताबा राहत नाही असं झालं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

हे सगळं ऐकून तो तरुण म्हणाला, "म्हणजे काका, एक नाही, दोन घ्याव्या लागतील." वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "माझी मी घेतो. साखर माझ्याजवळच असू दे."

मला तेवढंच हवं होतं. माझ्या दवाखान्यात कपाटाच्या वर एक उपरणं घडी करून ठेवलेलं आहे. त्या माउलींना ते परत करायचं राहून गेलं. दर वर्षी पालखी येते तेव्हा मी ते काढून ठेवतो, न जाणो भेटले तर. अजून भेटले नाहीत. पण त्या दिवसांत कुणी खांदा चोळत मंडपात आलं, तर बॅग कमरेला कशी बांधायची हे मी त्याच उपरण्याने दाखवतो.

वारीला निघणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा. हलके चाला, आणि मुंग्या आल्या तर थांबा.