तटस्थांची करुणा

तिरुवैयारु हे तंजावरच्या उत्तरेस कावेरीकाठी वसलेले गाव. पाच नद्यांचे स्थान असाच त्याच्या नावाचा अर्थ आहे. त्यागराजांचे (१७६७–१८४७) बहुतेक आयुष्य या गावी गेले. त्यांची समाधीही येथेच नदीकाठी आहे आणि पौष वद्य पंचमीला त्यांच्या आराधनेसाठी शेकडो गायक-वादक येथे जमतात. त्यागराजांच्या कृतींची कीर्ती सर्वदूर पोहोचली आहे. तथापि त्यांनी रचलेल्या ‘नौकाचरित्रम्’ या तेलुगू संगीतनाटकाशी मराठी वाचकाचा परिचय बेताचाच असतो. तंजावरच्या भोसले राजांनी तेलुगू, तमिळ, मराठी आणि संस्कृत अशा विविध भाषांतील नाट्यप्रबंधांना आश्रय दिला होता. ही परंपरा ध्यानात घेतली, तर हा परिचय अधिक असावयास हवा होता असे वाटल्यावाचून राहत नाही.

‘नौकाचरित्रम्’ची कथा लहानशी आहे. गोपी कृष्णासह यमुनेत नौकाविहाराला निघतात. नौका आपल्या हाती आहे आणि कृष्णही आपल्याच हाती आहे, असा गर्व त्यांच्या मनात उत्पन्न होतो. मग वादळ उठते, नौकेला भोक पडते आणि पाणी आत शिरू लागते. ते भोक बुजविण्यासाठी गोपी अंगावरची वस्त्रेही देऊन टाकतात. पण तीही पुरी पडत नाहीत. अखेर गर्व गळतो, शरणागती येते आणि नौका तीराला लागते.

या कथेतील एक उणीव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण कथेला तिची गरजच नाही. येथे तीरावर कोणी उभे नाही. ज्यांना भय वाटते ते सारे नौकेतच आहेत. पाहणारा, मोजणारा, हळहळणारा असा वेगळा समुदाय त्यागराजांनी कल्पिलेला नाही. आधुनिक काळातील जलसमाधीच्या आणि सुटकेच्या कथांत मात्र या समुदायाचे स्थान इतके मोठे झाले आहे की, नौकेपेक्षा तीरच अधिक दिसू लागतो. मराठीत अशा माणसासाठी एक अर्थपूर्ण शब्द आहे : तटस्थ. तटावर उभा असलेला तो तटस्थ. आज हा शब्द अलिप्त, निःपक्ष या अर्थाने रूढ आहे. जुन्या मराठीत मात्र स्तिमित झालेला, जागच्या जागी खिळलेला असाही त्याचा अर्थ होतो. हे दोन अर्थ परस्परविरोधी वाटतात. पण आधुनिक प्रेक्षकाच्या ठायी ते एकाच वेळी नांदतात.

१८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात ‘टायटन’ नावाची छोटी पाणबुडी सुमारे ३८०० मीटर खोलीवरील ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यासाठी खाली गेली. आत ५ जण होते. पावणेदोन तासांच्या सुमारास तिचा संपर्क तुटला. आतील प्राणवायू ९६ तास पुरेल असे प्रसिद्ध झाले आणि त्या एका आकड्याने घटनेला कथेचे रूप दिले. विमाने, जहाजे, दूरनियंत्रित यंत्रे शोधाला लागली. पाण्याखालून ठकठक असे आवाज ऐकू आल्याचे वृत्त आले आणि जगभरच्या लोकांनी त्या आवाजात जिवंत माणसे ऐकली. उरलेल्या तासांची मोजणी घरोघरी चालू राहिली. २२ जूनला टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे ५०० मीटरवर पाणबुडीचे तुकडे सापडले. त्यानंतर असेही उघड झाले की, तिचा चुराडा झाल्याशी जुळणारा ध्वनी अमेरिकी नौदलाच्या यंत्रणेने पहिल्याच दिवशी टिपला होता.

म्हणजे जग जे चार दिवस श्वास रोखून बसले होते, त्या दिवसांत वाचवावयास कोणी उरलेच नव्हते. घड्याळ प्रेक्षकांचे होते. आतल्या माणसांचा काळ केव्हाच थांबला होता. यावरून ती करुणा खोटी होती असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अन्यायाचा ठरेल. दुःख खरे होते. प्रश्न एवढाच आहे की ते कशाला चिकटले होते. पाच माणसांना, की संपत चाललेल्या तासांना?

हा प्रश्न दूरच्या महासागराचा असता, तर त्याचा येथे इतका विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु तिरुवैयारुपासून सुमारे १०० किलोमीटरवर, शेजारच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यात, मणप्पारैजवळच्या नडुकाट्टुपट्टी या खेड्यात २५ ऑक्टोबर २०१९ च्या सायंकाळी दोन वर्षांचा एक मुलगा घराजवळच्या, वापरात नसलेल्या विंधन विहिरीत पडला. प्रथम तो ३० फुटांच्या आसपास अडकला होता; सोडविण्याच्या धडपडीत तो आणखी खाली सरकत ८० फुटांच्याही पलीकडे गेला. शेजारी समांतर खड्डा खणण्यासाठी मोठी यंत्रे आली, पण खाली कठीण खडक लागला. २७ तारखेला दिवाळी होती. त्या वर्षी तमिळनाडूतील कित्येक घरांतून फटाक्यांऐवजी दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदकाचा आवाज ऐकू येत होता. देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. मुलाची आई शिवणकाम जाणणारी. मुलाला वर ओढण्यासाठी कापडी पिशवी हवी आहे असे कळताच ती शिवणयंत्रापाशी बसली. तिचे ते छायाचित्र सर्वत्र पसरले. नौकेच्या भोकात गोपींनी घातलेली वस्त्रे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या पिशवीकडे पाहवणार नाही. २९ तारखेच्या पहाटे, ८० हून अधिक तासांनंतर, मुलाचे शव वर आले.

या प्रसंगाच्या दोन वर्षे आधी, २०१७ मध्ये, गोपी नैनार यांचा ‘अरम्’ हा तमिळ चित्रपट येऊन गेला होता. त्यात विंधन विहिरीत पडलेले मूल आहे, झटणारी जिल्हाधिकारी आहे आणि जवळच होऊ घातलेले अग्निबाणाचे उड्डाणही आहे. चित्रपटातील मूल वाचते. २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात असाच पडलेला पाच वर्षांचा मुलगा सुमारे ५० तासांनी सुखरूप वर आला होता आणि ते दृश्य देशाने थेट पाहिले होते. सारांश, मणप्पारैच्या प्रेक्षकाला शेवट कसा व्हावा हे ठाऊक होते. ‘चंद्रापर्यंत यान धाडणाऱ्या देशाला एक मूल वर काढता येऊ नये?’ हा त्या दिवसांत सर्वतोमुखी झालेला प्रश्न रास्त होता. त्यात शासनावरचा रोष होता, तसाच अपेक्षित शेवट हुकल्याचा विषादही मिसळला होता.

भारतीय साहित्यशास्त्राने करुणाच्या आस्वादाचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. भट्टनायकाच्या मते रसाची प्रतीती तटस्थपणे होत नाही, तशी ती स्वतःचीच वैयक्तिक भावना म्हणूनही होत नाही. या दोहोंच्या मधली, साधारणीकरणाची भूमी त्याने कल्पिली. रंगमंचावरील शोक कोणा एकाचा राहत नाही आणि म्हणून तो आस्वाद्य होतो. या सिद्धान्ताला एक गृहीतक आहे : रंगमंचावरील शोकाने प्रेक्षकावर कर्तव्य पडत नाही. नाटक संपले की सहृदय उठून घरी जातो आणि त्यात त्याचा काही अपराध नसतो. थेट प्रक्षेपित होणारी आपत्ती मात्र नाटकाचे सगळे साज घेऊन येते. बंदिस्त जागा, ठरलेला अवधी, उत्कंठा, अंतरंगातून येणारी एखादी खूण, हे सारे तिच्यात असते. मूल मात्र खरे असते. सहृदयाची भूमिका तेथे सहज लाभते, आणि सहज लाभते म्हणूनच ती धोक्याची आहे. करुणेचा अनुभव येऊन गेला म्हणजे करुणेचे काम झाले, असा समज ती निर्माण करते.

ही गोष्ट दूरचित्रवाणीनेच आणली असे मात्र नाही. १९२५ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात फ्लॉइड कॉलिन्स हा गुहाशोधक भुयारात अडकला, तेव्हा तेथे यात्रा भरावी तसा जमाव लोटला होता. पुढे १९५१ मध्ये बिली वाइल्डर यांनी ‘एस इन द होल’ या चित्रपटातून अशा जमावाचे निर्दय चित्र रंगविले. फरक इतकाच की पूर्वी यात्रेला जावे लागे. आता यात्रा घरी येते.

मणप्पारैचा शोध चालू असतानाच, २८ ऑक्टोबर २०१९ रोजी, त्याच राज्यातील तूत्तुकुडी येथे एका घरी आईवडील ते प्रक्षेपण पाहत होते आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी घरातल्याच पाण्यात बुडून मरण पावली. या घटनेवरून त्या आईबापांना दोष देणे हे क्रौर्य होईल. परक्याच्या मुलासाठी त्यांचा जीव तुटत होता, एवढाच त्यांचा गुन्हा. परंतु खिळून जाणे म्हणजे काय, तटस्थ या शब्दाचा जुना अर्थ काय, हे याहून अधिक स्पष्टपणे कोणताही कोश सांगू शकणार नाही. दूरच्या विवरात खिळलेली दृष्टी जवळचे पाणी पाहू शकत नाही. समाजाच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे.

‘टायटन’च्या वेळी करुणेबरोबर उपहासही उसळला. लक्षावधी डॉलर मोजून मृत्यू विकत घेतला अशा आशयाचे विनोद शोध चालू असतानाच पसरले. या उपहासाच्या मुळाशी एक रास्त तक्रार होती. केवळ चार दिवस आधी, १४ जून २०२३ रोजी, ग्रीसच्या पिलोसजवळ ‘आद्रियाना’ ही स्थलांतरितांनी खच्चून भरलेली मासेमारी नौका बुडाली होती. तिच्यात सुमारे ७५० माणसे असावीत असा अंदाज आहे, वाचली १०४. ती नौका हरवलेली नव्हती. बुडण्यापूर्वी कित्येक तास ती यंत्रणांना दिसत होती. तिच्यासाठी कोणी तास मोजले नाहीत. पाच जणांसाठी महासागर धुंडाळला जातो आणि शेकडोंसाठी तत्परता दिसत नाही, हे पाहून माणसे चिडली यात नवल नाही. तथापि एका मृत्यूची थट्टा केल्याने दुसऱ्या मृत्यूच्या वाट्याला करुणा येत नाही. ज्याला ही विषमता खुपते, त्याने आद्रियानातील माणसांविषयी बोलावयास हवे होते. बहुतेकांनी पाणबुडीविषयीच बोलणे पसंत केले, आणि उपहासही त्याच तमाशाचा एक भाग होऊन गेला.

याच्या उलट तटाचे एक उदाहरण मराठी मुलखात आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला बातमी कळेपर्यंत कित्येक तास लोटले. तोवर ना प्रेक्षक होता, ना उत्कंठा. पण रेवसच्या कोळ्यांना पाण्यात माणसे दिसली आणि खवळलेल्या समुद्रात होड्या घालून त्यांनी हाती लागतील तितक्यांना वर ओढले. त्यांची करुणा कोणी चित्रित केली नाही, आणि त्यांना ती व्यक्त करावयास वेळही नव्हता. ते तटावर राहत होते, परंतु तटस्थ नव्हते.

आज प्रत्येकाला होडी घालता येणार नाही, हे उघड आहे. अटलांटिकच्या तळाशी वा ८० फूट खोल नळीत सामान्य माणसाचा हात पोहोचत नाही. मग दूर असलेल्याने करावे तरी काय? येथे तंजावरच्याच इतिहासातील एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. मराठी कीर्तनाची पद्धत तंजावरला रुजली आणि तिथल्या हरिकथेला तिने घाट दिला. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण येते आणि उत्तररंगात आख्यान. आधी तत्त्व समजून घ्यावयाचे, मग कथा ऐकावयाची. थेट प्रक्षेपणाने हा क्रम उलटविला आहे. आख्यान आधी येते, निरूपण मागाहून. आणि मागाहून येणाऱ्या निरूपणाला श्रोता उरत नाही.

टायटनच्या रचनेविषयी जाणकारांनी २०१८ मध्येच लेखी इशारा दिला होता. हा अपघात टाळता आला असता असा निष्कर्ष अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशीने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. तो वाचणारे, ९६ तास मोजणाऱ्यांच्या तुलनेत, किती असतील? विंधन विहिरींविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच तपशीलवार निर्देश दिले होते. खणण्यापूर्वी प्रशासनाला कळवावे, कामाभोवती कुंपण घालावे, नळीच्या तोंडावर पोलादी झाकण वेल्डिंगने वा नटबोल्टने पक्के बसवावे, सोडून दिलेली विहीर तळापासून बुजवावी, असे ते होते. मणप्पारैचे मूल त्यानंतर ९ वर्षांनी पडले. मणप्पारैनंतरही २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात आणि २०२४ च्या अखेरीस राजस्थानातील कोटपुतलीत तसेच घडले. प्रत्येक वेळी घड्याळ नव्याने लागले.

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तिघांना ६००० मीटर खोल नेण्याच्या उद्देशाने ‘मत्स्य ६०००’ हे यान उभारण्याचे काम हाती घेतले आहे. आणीबाणीत आतील माणसे ९६ तास जगू शकतील अशी त्याची योजना आहे. टायटनमुळे जगाला पाठ झालेला तोच आकडा. तो आकडा कधीही मोजावा लागू नये, हे ज्यांच्या हाती आहे, त्यांचे काम चाचण्यांचे आहे, आणि चाचण्या पाहावयास गर्दी होत नसते. विहिरीच्या तोंडावर बसवावयाच्या झाकणाचेही तसेच. ते बसविण्यास एखादा तास लागत असेल. त्या तासात उत्कंठा नाही, अश्रू नाहीत आणि शेवट काय होणार याची चिंताही नाही, कारण कथा घडण्याआधीच ती तेथे संपलेली असते. अशा न घडलेल्या कथांची मोजदाद कोणी ठेवत नाही. तरीही तटावरच्या माणसाची करुणा खरी होती की नाही, हे त्याच ठरवितात.