सहीमागची नियत

आमचा भाचा अमेरिकेच्या सैन्यात सेवा करून बाहेर पडला आहे. त्याला असे घर घ्यायचे आहे, की दर महिन्याला भाडे हाती यावे. “मामू, सैनिकांच्या कर्जाचे नियम जरा वाचून सांगा,” असे त्याने फोनवर सांगितले आणि आम्ही घरची मंडळी कागद घेऊन बसलो.

ही योजना १९४४ च्या कायद्यातून आली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांचे बस्तान बसावे, हा तिचा उद्देश. सरकार कर्जाच्या काही भागाची हमी घेते, पैसे बँक देते. त्यामुळे सहसा सुरुवातीची रक्कम भरावी लागत नाही. पहिल्या वेळी काहीच न भरता कर्ज घेतल्यास सध्या २.१५ टक्के शुल्क पडते. चार लाख डॉलरवर ८,६०० डॉलर. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाचा भत्ता मिळणाऱ्यांना ते माफ असते.

मात्र निव्वळ भाड्याने देण्यासाठी हे कर्ज मिळत नाही. घरात स्वतः राहण्याचा इरादा लिहून द्यावा लागतो आणि साधारण ६० दिवसांत राहायला जावे लागते. चार बिऱ्हाडांपर्यंतचे घर घेता येते. एकात आपण राहावे, बाकीची तीन भाड्याने द्यावीत. होणाऱ्या भाड्याची मिळकत धरून कर्ज हवे असेल, तर सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी शिल्लक दाखवावी लागते. सहसा वर्षभर राहून झाल्यावर गरजेपोटी दुसरीकडे जाताना आपले बिऱ्हाडही भाड्याने देता येते.

त्याच्या एका ओळखीच्याने सल्ला दिला होता, “राहतो म्हणून सही कर आणि पहिल्या दिवसापासून भाडेकरू ठेव. कोण बघायला येतो?”

आमच्या आपाला व्याजाची काळजी होती. ते त्याने आलिमांना विचारावे, असे ठरले. या सहीबद्दल मात्र कोणालाच विचारायची गरज नव्हती. खोटे लिहून कर्ज काढणे तिथे गुन्हा आहेच. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्या अर्जातल्या शब्दाला मराठीत हेतू म्हणतात आणि उर्दूत नियत. नियत म्हटल्यावर भाच्याला पुढे काही समजवावे लागले नाही.

तो आता चार बिऱ्हाडांची घरे बघतो आहे. खालच्या मजल्यावर स्वतः राहणार आहे. आपाने त्याला एवढेच बजावले, “वर लेकराबाळांचे कुटुंब आले, तर भाडे वाढवण्याआधी त्यांच्याशी बोलत जा.”