'ह्यात नवीन काय?'

दरवर्षी सप्टेंबरमध्ये आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाक्य फिरतं: 'ह्यात नवीन काय?' ॲपलचा नवा आयफोन येतो आणि ज्यांनी तो हातातही घेतलेला नसतो, ते निकाल लावून मोकळे होतात. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. वरून काहीच बदललेलं दिसत नाही, अशा अपडेटमागे किती रात्री जागवलेल्या असतात हे मी बघितलंय. म्हणून ते वाक्य मला जरा जास्तच टोचतं.

४ ऑक्टोबर २०११ ला आयफोन ४एस जाहीर झाला. लोक 'आयफोन ५'ची वाट बघत होते. नवा फोन दिसायला आधीच्यासारखाच, त्यामुळे अनेकांनी नाकं मुरडली. आत मात्र नवा प्रोसेसर होता, ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, सिरी होती. विक्री सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत ४० लाखांहून जास्त फोन खपले. मुळात 'आयफोन ५' देतो असं ॲपल म्हणालंच नव्हतं. ते वचन आपणच त्यांच्या तोंडी घातलं आणि मोडलं म्हणून रुसलो.

जानेवारी २०१३ मध्ये तर कमालच झाली. ॲपलने तीन महिन्यांत ४ कोटी ७८ लाख आयफोन विकले, १३.१ अब्ज डॉलर नफा कमावला. दोन्ही आकडे कंपनीसाठी विक्रमी. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १२ टक्क्यांनी पडला. का? तर बाजाराला याहून जास्त हवं होतं.

हे आपल्या घरांतलंच आहे. नापास होता होता वाचलेल्या पोराला पेढा मिळतो आणि ९६ टक्केवालीला विचारतात, 'उरलेले चार कुठे गेले?' एकदा पहिला नंबर आला की तो कौतुकाचा विषय राहत नाही, दरवर्षी भरायचा हप्ता होतो.

याचा अर्थ या कंपन्या बिचाऱ्या आहेत असं नाही. २०१७ मध्ये लोकांनी जुन्या आयफोनच्या वेगाचे आकडे मोजून मांडले. बॅटरी जुनी झाली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण त्याचा वेग कमी करतो, हे ॲपलला त्या डिसेंबरमध्ये मान्य करावं लागलं. कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचे दर उतरवले. ती टीका रास्त होती, कारण तिच्या हातात पुरावा होता आणि नुकसान खऱ्या ग्राहकाचं होतं.

माझी तक्रार एवढीच आहे. 'नवीन काय?'चा गोंगाट रोजचा झाला की कंपनीला सगळीच टीका एका टोपलीत टाकता येते. मग बॅटरीचं विचारणाऱ्याचा आवाजही त्यातच बुडतो. उगाच केलेल्या टीकेने बड्या कंपनीचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते खरा प्रश्न घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं.