पत्र्यावरचे तीन आकडे

आजोबांची लोखंडी ट्रंक मी घासली, हे आधीच कबूल करतो.

ट्रंक काळी. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने, कुणीतरी हातानेच लिहिलेला नंबर, त्याखाली नाव आणि पलटण. आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. एप्रिल १९४५मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव ज्या पहिल्या बटालियनचे, तीच त्यांची. स्वतःबद्दल ते कधी बोलले नाहीत. कागदपत्रं वाळवीने खाल्ली. उरली ही ट्रंक.

वडिलांच्या साठीला ती चकाचक करून द्यावी, असं माझ्या डोक्यात आलं. तारेचा ब्रश आणला, पॉलिश पेपर आणला, वर मारायला काळ्या रंगाचा डबाही. तांबड्या भुकटीत पांढरे कण दिसले तेव्हा हात थांबला. तोवर नंबरातले शेवटचे तीन आकडे गेले होते.

वडील काहीच बोलले नाहीत. त्याचाच जास्त त्रास झाला.

कुणीतरी एका काकांचं नाव सुचवलं. ते एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. ट्रंक पाहून ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "भुकटी ठेवलीय का?" मी ती झाडून टाकली होती. झाडलेल्या भुकटीतही काही शोधता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढचा महिनाभर त्यांनी मला ट्रंकेला हात लावू दिला नाही. फोटो काढायचे, वहीत आकृती काढून कुठे रंग आहे, कुठे पापुद्रा सुटलाय, कुठे उघडा गंज आहे ते टिपायचं. मी उतावीळ. बाजारातून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पुडी घेऊन गेलो. काकांनी ती बाजूला ठेवली आणि भिंगाखाली एक पापुद्रा दाखवला. रंग पत्र्यावर नव्हताच, पत्र्याच्या गंजावर टेकलेला होता. खालचा गंज विरघळवला असता, तर वरचा रंगही पाण्याबरोबर गेला असता.

म्हणून आधी पापुद्रे बसवायचे. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ बारीक कुंचल्याने कडेखाली सोडायचं. तेही कोपऱ्यात चाचणी घेऊन, कारण अ‍ॅसिटोनने रंगच सुटला तर सगळं संपलं. मग काडीला कापूस गुंडाळून, जेमतेम ओला करून, अक्षराभोवतीची धूळ टिपायची आणि लगेच कोरडं करायचं. रंगावर चढलेला गंज भिंगातून बघत बांबूच्या टोकाने, कणाकणाने. एका संध्याकाळी नखाएवढी जागा झाली की काका म्हणत, "आज बरंच झालं की!" मला ती थट्टा वाटे.

रंग नसलेल्या उघड्या गंजावर मात्र टॅनिक अ‍ॅसिड. गंज निळसर काळा पडून स्थिरावला. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की काळं होतं, हे आजीला ठाऊक होतंच. जुनी शाई त्यातलीच. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

गेलेले आकडे मी पुन्हा रंगवू का, असं विचारलं. "रंगव. पण मग तो तुझा आकडा," काका म्हणाले. खोलीतला दिवा घालवून त्यांनी टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली. दोन थरांच्या रंगाखाली दबलेला पत्रा आजूबाजूपेक्षा कमी खाल्ला गेला होता. तिथे आकड्यांच्या गुळगुळीत सावल्या होत्या.

काका आता नाहीत. ते गेल्यावर लोक माझ्याकडे हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, ट्रंका घेऊन येतात. मी आधी त्यांना घरी जाऊन फोटो काढायला सांगतो आणि ते थोडे नाराज होतात.

आजोबांच्या तीन आकड्यांपैकी दोन आम्हाला वाचता आले. मधला ३ की ८, ते काकांनाही ठरवता आलं नाही. वहीत दोन्ही लिहून ठेवले आहेत.