एकच फोटो, तीन सालं

आमच्या धामणगाव रेल्वेत जुने फोटो बहुतेक घरांत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सापडतात. डब्यात क्रम नसतो, हाताला लागेल तो पहिला. शाळेतल्या मुलींनी घरोघरी जाऊन असे फोटो गोळा केले. काहींचे मोबाईलवर फोटो घेतले, काही दुकानातून स्कॅन करून आणले. पाठीवर जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं एका तक्त्यात उतरवलं. मग सगळे फोटो फ्लिकरवर चढवले. अमरावतीला कॉम्प्युटर शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं शाळेसाठी एक वेबपान तयार केलं. ते फ्लिकरकडून फोटो मागवणार आणि जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं लावणार, असं ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, "सर, हे तर उलटंच येऊन राह्यलं."

एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडे माहिती मागायची असेल तर त्यासाठी एपीआय नावाची खिडकी असते. रेल्वेच्या आरक्षणाचा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. कोणता बर्थ हवा ते लिहिलं नाही, तर जो मिळेल तो घ्यावा लागतो. इथेही तसंच. फ्लिकरच्या शोधात 'सॉर्ट' नावाचा एक रकाना आहे. तो कोरा ठेवला तर शेवटी चढवलेला फोटो सगळ्यात आधी येतो. मागणीत एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांश दिले असतील, तर त्या जागेपासूनच्या अंतराप्रमाणे फोटो लागतात. रकाना भरायचा झाला तर पर्याय बरेच आहेत: चढवल्याची तारीख, काढल्याची तारीख, लोकांना किती आवडला, शब्दाशी किती जुळतो. 'आधी' या एका शब्दाचे इतके अर्थ निघतात, आणि आपल्याला त्यातला कोणता हवा हे सांगावं लागतं.

त्यानं 'काढल्याची तारीख, जुनी आधी' असं भरलं. तरी गोंधळ तसाच राहिला. कारण शोधायला त्यानं प्रत्येक फोटोसोबत तारखाही मागवून घेतल्या, आणि मग उलगडा झाला. मोबाईल प्रत्येक फोटोत तो घेतल्याचा दिवस आणि वेळ गुपचूप नोंदवून ठेवतो. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या निकाहचा फोटो मोबाईलच्या हिशेबी परवाच्या मंगळवारचा. दुकानातून स्कॅन केलेल्या फोटोंत अशी नोंदच नव्हती. तिथे फ्लिकर चढवल्याची वेळ हीच काढल्याची वेळ धरतं. मात्र सोबत एक खूणही पाठवतं, की ही तारीख खरी माहीत नाही. ती खूण बघितली तर कळतं, नाही तर यंत्राचा अंदाज पुरावा म्हणून खपून जातो.

आता खऱ्या तारखा भरायच्या म्हणजे मुलींचा तक्ता घ्यायचा. तक्त्यातलं साल धरून यादी लावली, तर पहिल्याच फोटोखाली साल आलं १३९२. एका मुलीनं विचारलं, "सर, तेव्हा कॅमेरा होता का?"

विद्यार्थ्यानं त्यावर लगेच गाळणी लावली. १८५०च्या आधीचं साल दिसलं, की तो फोटो 'तारीख अज्ञात' म्हणून शेवटी टाकायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नजरेतून हे शहाणपणाचंच होतं. पण शेवटी गेलेले फोटो मी उघडून बघितले, तर ते सगळे एकाच प्रकारचे निघाले. त्यांच्या पाठीवर उर्दूत लिहिलेलं होतं. तारीख अज्ञात नव्हतीच, ती हिजरी होती.

त्यातला एक फोटो आमच्या स्टेशनावरचा. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग हजला निघाले आहेत. गळ्यात हार, पायाशी वळकटी, आजूबाजूला टोप्या आणि फेटे, दोन्ही. तेव्हा विदर्भातला माणूस इथून रेल्वेनं मुंबई गाठायचा, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी उतरायचा आणि मुघल लाईनच्या जहाजानं जिद्दाला जायचा. जहाजाचा तो प्रवास १९९५पर्यंत चालला. परत येईल की नाही याची खात्री नसायची, म्हणून निरोपाला सगळं गाव यायचं. पाठीवर लिहिलं होतं, ज़ीक़ादा १३९२.

फोटो ओळखीचा वाटला म्हणून यादी पुन्हा चाळली. तोच फोटो आणखी दोनदा होता. एक प्रत एका किराणा दुकानदाराच्या घरची, पाठीवर मार्गशीर्ष, शके १८९४. तिसरी एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरची, स्टुडिओच्या शिक्क्यात डिसेंबर १९७२. शकात ७८ मिळवा, म्हणजे १८९४चे १९७२ होतात. हिजरी वर्ष चांद्र, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथे नुसती बेरीज चालत नाही. शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवले की जवळपास साल हाती लागतं. नेमका महिना तक्ता बघून काढावा लागतो. त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकाच अमावास्येनंतर मार्गशीर्षही लागला आणि ज़ीक़ादाही. महाराष्ट्रात दुष्काळ होता ते साल. एका फलाटावर खांद्याला खांदा लावून उभी असलेली तीन घरं. प्रत्येकानं आपापल्या घरच्या कॅलेंडरातून तारीख लिहिली, तिन्ही बरोबर. आणि यादीत त्यांच्यात पाचशे ऐंशी वर्षांचं अंतर.

मला जास्त काळजी १३९२ची वाटली नाही. ते विचित्र दिसतं, म्हणून निदान कुणी विचारतं तरी. १८९४ गाळणीतून मुकाट्यानं सुटलं होतं. इंग्रजी राजवटीतला फोटो म्हणून ते पान त्याला कायमचं दाखवत राहिलं असतं.

उपाय फ्लिकरमध्येच होता. फोटोची तारीख एपीआयमधून बदलता येते, आणि ती कितपत पक्की आहे हेही सांगता येतं: सेकंदापर्यंत, महिन्यापर्यंत, वर्षापर्यंत किंवा 'साधारण'. नुसतं '१३९२' लिहिलेला फोटो १९७२चा असू शकतो, किंवा जानेवारी १९७३चाही, म्हणून असे सगळे आम्ही 'साधारण'मध्ये घातले. स्टेशनाच्या तिन्ही प्रतींना डिसेंबर १९७२, महिन्यापर्यंत. एकसारख्या दिसतात म्हणून दोन काढून टाकू या, असं सुचवणारे होते. काढल्या नाहीत. प्रत्येकीचं घर वेगळं आहे.

तारखा सारख्या झाल्यावर तिघींत पुढे कुणाला ठेवायचं, हे पुन्हा सांगावं लागलंच. विद्यार्थ्यानं दुसरी अट घातली: ज्या घरानं फोटो आधी दिला, तो आधी.

तुमच्याही घरी असा डबा असेल. सध्या एवढं करा. स्कॅन करताना फोटोची पाठही स्कॅन करा. तारीख जशी लिहिली आहे तशी एका रकान्यात ठेवा, इसवी सन दुसऱ्या रकान्यात आणि ते कुणी सांगितलं हे तिसऱ्यात. पाठ कोरी असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि या महिन्यातच विचारा. आमच्या यादीत अजून एकोणचाळीस फोटोंवर 'माहीत नाही'ची खूण आहे. त्यातल्या कित्येक घरांत आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.