डिस्प्ले न देणाऱ्या नव्या कॉम्प्युटरास

प्रिय कॉम्प्युटरा,

सांगलीला माझ्या भाचीच्या खोलीत तू कालपासून टेबलावर उभा आहेस. बटण दाबलं की पंखे फिरतात, रॅमवरचे दिवे रंग बदलतात, आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ एवढंच दाखवून काळा होतो. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने तुझे भाग एकेक करून घेतले. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणले, बाकीचं कुरिअरने मागवलं. ती आर्किटेक्चरला आहे, आणि जुन्या लॅपटॉपवर एक रेंडर व्हायला रात्र जाते म्हणून तुझी जुळणी झाली. आता तिचे बाबा म्हणतात, कंपनीचा तयार घ्यायला सांगत होतो. दुकानदार फोनवर म्हणतो, बोर्ड डेड असेल, पाठवून द्या. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते तुला जाहीरपणे लिहितो आहे, कारण तुझ्यासारखे कितीतरी धडधाकट कॉम्प्युटर केवळ डिस्प्ले आला नाही म्हणून खोक्यात घालून परत पाठवले जातात.

पडद्यावर चित्र येणं ही तुझ्या जागं होण्यातली बरीच उशिराची गोष्ट आहे. बटण दाबल्यावर आधी एसएमपीएस सुरू होतो. त्याचे व्होल्टेज स्थिर झाले की तो एका तारेवरून बोर्डाला तसा इशारा देतो. तोवर प्रोसेसरला थांबवून ठेवलेलं असतं. मग बोर्डावरच्या एका लहानशा चिपमधला बायोस वाचला जातो, रॅम तयार केली जाते, त्यानंतर ग्राफिक्स कार्डाची पाळी येते, आणि तेव्हा कुठे बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह पडद्यावर उमटतं. तुझ्यातल्या रायझन ५ ७६०० मध्ये तर रॅम तयार करण्याचं काम मुख्य कोअर करतच नाहीत. प्रोसेसरच्या आतच बसवलेला एक वेगळा, छोटा प्रोसेसर ते करतो, आणि रॅम वापरण्याजोगी झाल्यावरच मुख्य कोअर सुरू होतात. म्हणजे पडदा काळा असताना तुझ्या आत बरंच काही चाललेलं असू शकतं. आणि पंखे फिरताहेत यावरून कळतं ते एवढंच, की १२ व्होल्ट तिथवर पोचले आहेत.

म्हणून तुझी तपासणी तुझ्या जागं होण्याच्या क्रमानेच व्हायला हवी. लोक नेमकी उलटी सुरुवात करतात. मॉनिटर बदलतात, केबल बदलतात, मग घाबरून सगळंच उघडतात.

पहिली वीज. चोवीस पिनांची जाड जोडणी सगळ्यांच्या लक्षात राहते. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या जवळ आठ पिनांची आणखी एक जोडणी असते. ती केबल कॅबिनेटच्या मागून फिरवून आणावी लागते, म्हणून हमखास राहून जाते. ती नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, प्रोसेसरला मात्र वीज मिळत नाही. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट्या असतात. पिनांचे आकार वेगळे ठेवले आहेत ते त्यासाठीच. सहज बसत नसेल तर ती केबल तिथली नाही, जोर लावायचा नाही. तुझी ही जोडणी भाचीने मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. नीट बसली आहे.

मग रॅम, आणि तुझं दुखणं इथेच आहे असं मला वाटतं.

चार स्लॉट असलेल्या बोर्डावर दोन रॅम बसवायच्या तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. बोर्डाच्या पुस्तिकेत हे छापलेलं असतं. हल्ली बऱ्याच बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खटका असतो; त्या बाजूला ‘टक्’ झालं तरी दुसरं टोक किंचित वर राहिलेलं असू शकतं. दोन्ही अंगठ्यांनी, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा लागतो. आपल्याकडे रॅमचे संपर्क खोडरबरने पुसायची पद्धत आहे. वर्षानुवर्षं धूळ आणि दमट हवा खाल्लेल्या जुन्या रॅमला तिचा गुण येतो हेही खरं. पण काल पाकिटातून निघालेल्या रॅमला खोडरबर लावू नये. संपर्कांवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो आणि घासल्याने तो झिजतो.

तुझी रॅम डीडीआर५ आहे. ४८०० चा वेग म्हणजे प्रत्येक तारेवरून सेकंदाला ४८० कोटी वेळा संकेत जाणार. एका संकेताला एका नॅनोसेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा मिळतो. बोर्डावरच्या सगळ्या तारा अगदी सारख्या लांबीच्या नसतात, प्रत्येक रॅम आणि प्रत्येक प्रोसेसर थोडा वेगळा असतो. म्हणून पहिल्यांदा सुरू होताना तू प्रत्येक तारेवर संकेत पाठवून पाहतोस, किती आधी वाचला तर चुकतो, किती उशिरा वाचला तर चुकतो हे मोजतोस, आणि त्यातली सुरक्षित जागा निवडतोस. गायनाला बसण्याआधी तानपुरा लावतात तसंच हे. सूर लागेपर्यंत मैफल सुरू होत नाही. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तुझ्यासारख्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर पहिल्या वेळी त्याला काही मिनिटं लागू शकतात, रॅम जास्त असेल तर अधिकच. तेवढा वेळ पडदा काळा असतो. मधेच तू स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरूही होऊ शकतोस. एकदा जुळलं की ती मोजमापं जपून ठेवली जातात आणि पुढची सुरुवात पुष्कळ लवकर होते.

आता भाचीने काय केलं ते बघ. बटण दाबलं, मिनिटभर वाट पाहिली, काहीच दिसेना म्हणून मागचा स्विच बंद केला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. दर वेळी तुझं जुळवणं अर्ध्यावर तोडलं गेलं. मग कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून तिने बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, काढून बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या. उपाय चुकीचा नाही. रॅमचा वेग भलताच ठेवला गेल्यामुळे अडलेला कॉम्प्युटर त्याने सुटतो. पण तुझ्या बाबतीत त्याचा परिणाम एवढाच, की तुला सगळं पहिल्यापासून मोजायला बसावं लागलं. यात तिचा दोष नाही. तुझ्या बोर्डाच्या खोक्यात सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, ‘पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटं थांबा’ असा कागद ठेवणं कंपनीला अवघड नव्हतं.

आणि माझी खरी तक्रार हीच आहे. तुला न बोलणारा करून विकलं जातं. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा तो आपली तपासणी करायचा आणि सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप द्यायचा. एक लांब आणि दोन छोटे बीप आले की डिस्प्लेच्या कार्डाकडे बघायचं. पुढे वेगवेगळ्या बायोस कंपन्यांनी आपापले संकेत ठरवले. गावोगावचे दुरुस्ती करणारे ते कानांनी ओळखायचे, पडद्याची गरज नसायची. आता तुझ्या बोर्डावर स्पीकरसाठी पिना आहेत, खोक्यात स्पीकर नाही, कॅबिनेटमध्येही नाही. खाऊच्या पैशांत येणारी ती वस्तू. काचेच्या बाजूमागे रंगीबेरंगी दिव्यांवर खर्च होतो, आणि जी वस्तू पहिल्या रात्री रडवेल्या झालेल्या पोराला ‘रॅम बघ’ एवढं सांगू शकली असती ती गाळली जाते. हे मला मुळीच मान्य नाही.

तुझं नशीब त्यातल्या त्यात बरं. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. तपासणी जिथे अडते तिथला दिवा जळत राहतो. स्वस्त बोर्डांवर अनेकदा तेही नसतात, आणि स्वस्त बोर्ड घेणारालाच त्यांची सर्वांत जास्त गरज असते. तुझा डीरॅमचा दिवा जळतो आहे. बोर्ड मेलेला नाही, तो रॅमपाशी आहे, हे यावरून मी भाचीला सांगितलं.

तुझ्या भावंडांची दुखणी मात्र निराळी असतात. इंटेलचा १२४००एफ घेतलेला कुणी एचडीएमआय केबल मदरबोर्डाच्या मागे लावतो. त्या ‘एफ’ प्रोसेसरांत ग्राफिक्सच नसतं, केबल खाली आडव्या बसलेल्या कार्डालाच लावावी लागते. एएमडीच्या ५६०० चं तसंच आहे, ५६००जी चं नाही. तुझ्या ७६०० मध्ये थोडं ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड पूर्ण काढून केबल बोर्डाला लावून बघायची सोय तुझ्यापाशी आहे.

दुसरं दुखणं बायोसच्या वयाचं. बी४५० बोर्ड २०१८ चे, रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० ची. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही, आणि बोर्ड उत्तम, प्रोसेसर उत्तम, तरी डिस्प्ले नाही. २०१८ मध्ये अशाच अडचणीसाठी एएमडीने ग्राहकांना बायोस अद्ययावत करण्यापुरता एक साधा प्रोसेसर उसना पाठवण्याची सोय केली होती. आता बऱ्याच बोर्डांच्या मागे त्यासाठी बटण असतं. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर बायोसची फाइल ठेवायची, ठरलेल्या यूएसबीत लावायची आणि बटण दाबायचं. प्रोसेसर नसला तरी चालतं. ज्याने बोर्ड आणि प्रोसेसर एकत्र विकला त्या दुकानदाराने हे काम आधीच करून द्यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

यातल्या कशानेच डिस्प्ले आला नाही तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढावा. बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर तो ठेवायचा, चंदेरी पिशवीवर नाही, कारण त्या पिशवीतून वीज वाहू शकते. प्रोसेसर, पंखा आणि एकच रॅम, एवढंच ठेवायचं. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की तो सुरू होतो. इथे डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढून ठेवलेल्या भागांत आहे. कॅबिनेटमध्ये अनेकदा बोर्डाखाली नको त्या भोकात राहिलेला एखादा पितळी स्टँडऑफ सापडतो, बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करणारा.

सगळ्यांत शेवटी सॉकेट. तुझ्या सॉकेटमध्ये १७१८ पिना आहेत, केसासारख्या बारीक, आणि प्रोसेसर ठेवताना हात घसरला तर वाकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिरप्या उजेडात फोटो काढला की रांगेतली वाकडी पीन लगेच ओळखू येते. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण भाचीने जपून ठेवलं आहे. बोर्ड वॉरंटीत पाठवायचा झाला तर ते लावूनच द्यावं लागतं.

उद्या सकाळी ती तुला सुरू करेल आणि अर्धा तास हात लावणार नाही. कॉलेजला निघायच्या आत डीरॅमचा दिवा विझला नाही तर संध्याकाळी एकच रॅम दुसऱ्या स्लॉटात ठेवून बघेल, मग तीच जागा ठेवून दुसरी रॅम. दोन्हींपैकी एकीवरच डिस्प्ले आला तर परत पाठवायची ती न चालणारी रॅम, तू नव्हेस. दुकानदाराला तसं मी कळवलं आहे. डिस्प्ले आला की आधी बायोसमध्ये ३२ जीबी पूर्ण दिसतात का ते ती पाहील. रॅमचा वेग वाढवणारा एक्स्पो इतक्यात चालू करायचा नाही असं आमचं ठरलं आहे. आधी विंडोज टाकायचं, तिच्या प्रोजेक्टचे दोन-चार रेंडर ४८०० वरच होऊ द्यायचे, मग वेग.

तुझा,
भाचीचा मामा